गॅस गिझर मध्येच विझतो तेव्हा
वर्धा, आर्वी, हिंगणघाटकडे थंडी वाढली की घरोघरी गॅस गिझर सुरू होतो, आणि नेमका अंगाला साबण असताना विझतो. अशा वेळी आधी नळाची धार बघा. पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, तेव्हाच गॅस उघडतो. टाकी नळापासून ३ मीटर उंच असेल, तर दाब मिळतो दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो. त्यात बोअरच्या पाण्याचा क्षार गिझरमध्ये पाणी शिरते तिथल्या जाळीत साचला, की संपलंच. जाळी काढून घासून धुवा. ठिणगीची टकटक मंदावली असेल, तर दोन्ही सेल बदला. बऱ्याच गिझरमध्ये साधारण २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. तो बिघाड नव्हे.

पण ज्योत पिवळी दिसत असेल, तर गिझर लगेच बंद करा. बंद न्हाणीघरात प्राणवायू कमी पडला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं आणि माणूस तिथेच कोसळतो. म्हणून गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवून घ्या.