द्वेषाला गीताचे उत्तर : रेव्हरंड टिळकांचे नगर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



जैन न्यासाच्या व्यासपीठावरून एका ख्रिस्ती कवीविषयी बोलण्याची अनुज्ञा आपण दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. पूज्य आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या वास्तव्याने पावन झालेल्या या नगरीतच मराठी ख्रिस्ती भक्तिगीतही वाढले. 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली येथूनच निघू लागले. २०२४ पासून शहराचे नाव अहिल्यानगर झाले असले, तरी ज्या काळाविषयी मी बोलणार आहे त्या काळाचे नाव वापरून मी 'नगर' असेच म्हणेन.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घराणे चित्पावन, संस्कृतचा व्यासंग आणि वृत्ती बैराग्याची. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांना 'नवा करार' वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. वैऱ्यावरही प्रीती करा, छळणाऱ्यासाठी प्रार्थना करा, असे सांगणारे हे प्रवचन आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या उपदेशाची परीक्षा त्यांच्या स्वतःच्या घरापासूनच सुरू झाली. आप्त तुटले, समाजाने त्यांना बहिष्कृत मानले आणि पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या.

येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. टिळकांना सोसावा लागलेला द्वेष खरा, पण त्यांच्या निर्णयाचा सर्वांत मोठा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला. त्या निर्णयात त्यांना विचारलेच गेले नव्हते. 'स्मृतिचित्रे' वाचताना टिळकांची थोरवी जितकी दिसते, तितकाच त्यांचा एककल्लीपणाही दिसतो. लक्ष्मीबाईंनी तो लपविलेला नाही, आणि त्याविषयी कडवटपणाही धरलेला नाही. मला ही मराठी गद्यातील एक मोठी क्षमापना वाटते. वियोगाच्या त्या काळात या अल्पशिक्षित बाईंनी आपले दुःख पद्यात मांडावयास आरंभ केला. पुढे त्या नगरास पतीजवळ आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. जातिभेद ईश्वराचा नव्हे, मनुष्याचा, हा निर्णय त्यांनी स्वतःच्या बुद्धीने केला, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक नगरास आले ते डॉ. ह्यूम यांच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकविण्यासाठी. तो काळच भीषण होता. १८९६-९७ चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. आपल्या मारवाडी घरांतून त्याचे 'छप्पनिया' हे नाव अजून ऐकू येते, कारण तो विक्रम संवत १९५६ चा. जोडीला प्लेग होताच. अमेरिकन मराठी मिशनने नगर जिल्ह्यात अनाथ मुलांना आश्रय दिला. टिळकांच्या घरीही परक्यांची मुले वाढली. दारी आलेल्याला जात विचारायची नाही, हा त्या घराचा नियमच झाला. तुटपुंज्या वेतनात हा प्रपंच कसा चालला असेल, हे लक्ष्मीबाईच जाणोत!

अशा दिवसांत टिळकांनी गीते रचली. चर्चमध्ये तोवर बव्हंशी परदेशी चालींवर बसविलेली पदे गाइली जात. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाची वाट आधीच चोखाळली होती. टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन ही मराठी भक्तीची वाहनेच हाती घेतली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते म्हणत. ज्या समाजाने त्यांना दूर लोटले, त्याच समाजाच्या संतांचे ऋण त्यांनी जाहीरपणे मान्य केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपणांस दुखावणाऱ्याकडून काही शिकल्याचे कबूल करणे त्याला क्षमा करण्याहूनही अवघड असते. या देशी वळणामुळे काही स्वधर्मीयांच्या संशयालाही ते पात्र झाले. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येऊ शकत.

जैन श्रोत्यांना त्यांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता विशेष जवळची वाटेल. शिकाऱ्याच्या बाणाने विद्ध झालेली पक्षिणी पिलांपर्यंत पोहोचते आणि प्राण सोडते, एवढाच तिचा विषय. शाळेत ती पाठ करणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते, की हा कवी एक ख्रिस्ती पाद्री होता? तत्त्वज्ञानात आपले मार्ग निराळे आहेत. आपण कर्मनिर्जरा मानता, टिळक ईश्वरी कृपा मागतात. हा भेद पुसून टाकण्याची मला गरज वाटत नाही. परंतु संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो, त्यात ती पक्षिणीही येते.

हे सर्व शंभर वर्षांपूर्वीचे, असे कोणी म्हणेल. म्हणून एक अलीकडचा प्रसंग सांगतो. २३ जानेवारी १९९९ च्या पहाटेपूर्वी ओडिशातील मनोहरपूर येथे कुष्ठसेवक ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे फिलिप व टिमथी हे दोन मुलगे, वय वर्षे १० आणि ६, यांना मोटारीत जिवंत जाळण्यात आले. अंत्यविधीच्या वेळी पत्नी ग्लॅडिस व मुलगी एस्थर यांनी उभे राहून स्तोत्र गाइले. मारेकऱ्यांना आपण क्षमा केली आहे, असे ग्लॅडिसबाईंनी सांगितले. क्षमा वेगळी आणि न्यायालयाचे काम वेगळे, हेही त्यांनी स्पष्ट केले. खटला चाललाच, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कायम केली. बाई मात्र लगेच मायदेशी गेल्या नाहीत. बारिपदा येथे राहून त्यांनी कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. २००५ साली त्यांना 'पद्मश्री' देण्यात आली.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस निवर्तले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. आरंभीचे अध्याय त्यांनी लिहिले होते, पुढील बहुतेक लक्ष्मीबाईंनी रचले. त्यांची पदे 'उपासना संगीत' या संग्रहात आहेत. नगरच्या चर्चमधून रविवारी ती टाळ-तबल्यावर म्हटली जातात, आणि एखाद्या घरी मृत्यू झाला, की शेजारच्या हिंदू-जैन घरांतील माणसेही तेथे बसून ती ऐकतात.