करुणा नव्हे, हक्क
(लघुपट-प्रदर्शनानंतरच्या भाषणाचा सारांश)



६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एर्वाडी येथे आग लागली. साखळदंडांनी जखडलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २५ हून अधिक जणांचा होरपळून अंत झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंड निषिद्ध ठरविले, सरकारी उपचार आणि मोफत कायदेशीर साहाय्य हा हक्क मानला. परंतु कलमे वाचतो कोण? दहा मिनिटांचा लघुपट मात्र वस्तीत, युनियनच्या कचेरीत, कोठेही दाखविता येतो. तो केवळ डोळे पाणावणारा नसावा. त्यात रुग्णाने स्वतः बोलावे. आणि दिवे लागल्यावर, उपचार नाकारले गेलेल्याचा तक्रार-अर्ज कार्यकर्त्याने तेथेच लिहून द्यावा. आपले काम तेथून सुरू होते.