घरांतला अग्नि

लाकडाची चूल होती तेव्हां ठिणगी डोळ्यांना दिसे, धूर नाकांत जाई, आणि निजण्यापूर्वीं घरांतील वडील बाई निखाऱ्यांवर राख ओढीत असे. आज बहुतेक शहरी स्वयंपाकघरांत १४.२ किलो वायूची टाकी उभी असते आणि तिच्यांतील अग्नि पेटेपर्यंत दिसत नाहीं.

हा वायु मुळांत गंधहीन. जो उग्र दर्प येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा. वायु हवेहून जड असल्यामुळें गळला कीं छताकडे न जातां ओट्याखालीं, मोरीच्या कोपऱ्यांत दबा धरून बसतो. हवेंत शेंकडा सुमारें दोन भाग साठले कीं एक ठिणगी पुरते. पहांटे वास येतो आणि सवयीनें हात जातो तो दिव्याच्या बटणाकडे. नेमकें तेंच करावयाचें नाहीं. बटणाच्या पोटांत बारीक ठिणगी उडते. पंखा लावणें, फार काय, जळता दिवा मालवणेंहि तितकेंच घातक. अंधारांतच रेग्युलेटर बंद करावा, दारेंखिडक्या सताड उघडाव्या, मुलांना व म्हाताऱ्यांना बाहेर न्यावें, आणि बाहेर पडल्यावरच १९०६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. गळती शोधावयास साबणाचें पाणी पुरतें, बुडबुडे आपण होऊन जागा सांगतात. तरीहि काडी ओढून पाहणारे शूर पुरुष अद्याप आढळतात!

कढईंतलें तेल पेटलें तर पाण्याचा तांब्या दूर ठेवावा. पाणी तेलाहून जड; तें तळाशीं जातें, क्षणांत वाफ होऊन शेंकडों पटींनीं फुगतें आणि पेटतें तेल छतापर्यंत उडवितें. शेगडी बंद करून कढईवर झांकण सरकवावें, व ती थंड होईपर्यंत उघडूं नये. पेटती कढई उचलून अंगणांत नेण्याच्या धांदलींत गृहिणीचे हात आणि पदर दोन्ही जातात.

विजेचें तंत्र निराळें. फ्यूजची तार वितळते ती घर वाचविण्यासाठीं. तिच्या जागीं जाड तार बसविणारा कारागीर घराचा हितचिंतक नव्हे.

चाळींच्या जिन्यांत मोडकीं कपाटें, सायकली, रद्दीचे गठ्ठे रचण्याची रीत आहे. सुटकेची वाट बहुधा तेवढी एकच असते. आगींत ज्वाळेपेक्षां धुरानेंच माणसें अधिक गुदमरतात. धूर वर चढतो, म्हणून तोंडाशीं ओलें फडकें धरून, वांकून, भिंतीच्या कडेनें बाहेर पडावें. दागिन्यांसाठीं मागें फिरूं नये, आणि बंबवाल्यांस १०१ वर कळवितांना आधीं पत्ता सांगावा, आक्रोश मागाहून.