पोटासाठी गेलेल्या लेकींची नावं

(रत्नागिरी येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कापूस-ज्वारीच्या मुलखातून आलेली माणसं. आमच्याकडे पाऊस पडला तर पडला, नाही तर नाही. इथं रत्नागिरीत उतरलो तर चहूकडे हिरवं. आमच्यातला एक जण म्हणाला, "इतकं पाणी असताना इथली माणसं मुंबईला का गेली?" प्रश्न सरळ आहे. दुष्काळ म्हणजे पाऊस नसणं, हे आपल्याला शाळेपासून शिकवलं गेलं. पण कोकणात पाऊस कमी नव्हता आणि तरीही घरं रिकामी झाली. तेव्हा दुष्काळ आभाळातून किती येतो आणि व्यवस्थेतून किती येतो, याचा हिशेब आज मांडू या. तो आपण एका परदेशातल्या गोष्टीपासून सुरू करू.

आयर्लंड नावाचा देश आहे. तिथला गरीब शेतकरी खंडाच्या तुकड्यावर बटाटा लावायचा आणि तोच वर्षभर खायचा. ओट, लोणी, जनावरं हा सगळा माल जमीनदाराचा खंड भरण्यासाठी विकायचा. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि पुढची काही वर्षं पडतच राहिला. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली, तितकीच देश सोडून गेली. आणि याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जातच होती. म्हणजे देशात अन्न होतं, गरिबाच्या घरात ते विकत घ्यायला पैसा नव्हता.

तिथल्या अनाथालयवजा कामघरांत पोरींची गर्दी झाली. १८४८ ते १८५० या काळात सरकारनं चौदा ते वीस वर्षांच्या, आईबाप नसलेल्या चार हजारांवर पोरी जहाजांत बसवल्या आणि ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. घरकामाला मोलकरणी हव्या होत्या, लग्नाला बायका हव्या होत्या. तिथल्या वर्तमानपत्रांनी या पोरींची टिंगल केली. यांना स्वयंपाक येत नाही, यांना वळण नाही, असं लिहिलं. दोन वर्षांत योजना बंद पडली. पण पोरी राहिल्या, राबल्या, त्यांची घरं झाली. अमेरिकेला गेलेल्या आयरिश पोरींनी तर लोकांकडे धुणीभांडी करून पैसा घरी पाठवला, त्या पैशात मागच्या बहिणीचं तिकीट निघालं, तिनं आणखी धाकटीचं काढलं.

दीडशे वर्षांनी, १९९९ साली, सिडनी शहरात या पोरींचं स्मारक उभं राहिलं. ज्या जुन्या बराकीत त्यांना उतरवलं होतं, तिच्याच भिंतीत. तिथं पुतळा नाही. काचेवर नावं कोरली आहेत. आम्हाला ती गोष्ट लागली. तलवार घेतलेल्या राणीचं स्मारक आपणही करतो. पण भुकेनं घर सोडलेल्या मोलकरणीचं नाव दगडावर लिहावं, हे आपल्याला कधी सुचलं का?

आता आपल्या घरी या. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, इंग्लंडला कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला, सावकाराचं देणं तेवढं राहिलं. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. दख्खन, कर्नाटक, मद्रास धरून पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली. दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी सरकारनं एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. एक रत्तल म्हणजे साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. आणि गहू? गहू त्या वर्षांतही जहाजात भरून विलायतेला जात होता. आयर्लंडचाच पाढा, फक्त तीस वर्षांनी.

कोकणाचं दुखणं वेगळं, पण औषध तेच मिळालं. इथल्या भाताचा मोठा वाटा खोत नेई. कुळाच्या घरात राहिलेला दाणा वर्ष काढायला पुरत नसे. उरलेलं धान्य घाटावरून यायचं आणि घाटावर पिकलं नाही की ते महाग व्हायचं. म्हणजे आमच्याकडची ज्वारी जळली की इकडची चूलही विझायची. खोती कायद्यानं गेली ती १९४९ साली. तोवर पाऊस हवा तेवढा पडला, पण कुळाच्या हाती काही राहिलं नाही.

मग माणसं निघाली. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत रत्नागिरी जिल्हा म्हणजे गिरणीला माणूस पुरवणारी वखार झाली. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत राहणारी सव्वादोन लाखांवर माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. म्हणजे मुंबईतला पाचातला एक माणूस. आणि भावांनो, त्या गिरणीत ती पिंजत होती, कातत होती तो कापूस काही कोकणात पिकला नव्हता. तो तुमच्या-आमच्या काळ्या मातीतला. आपण पिकवला आणि भावात लुटले गेलो. त्यांनी कातला आणि मजुरीत लुटले गेले. एकाच सुताची ही दोन टोकं आहेत, पण आपली त्यांची गाठ कधी पडली नाही.

इथवर सगळे सांगतात. पुढं सांगत नाहीत ते असं, की या जाणाऱ्यांत बायाही होत्या. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे एक बाई होती. वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत त्या काम करायच्या. त्यांच्यावर नायकीण असायची, कामाला लावायचं की नाही ते तीच ठरवायची. पगार नगावर. कोण होत्या या? कुणी नवऱ्याबरोबर गेलेली, पण पुष्कळ विधवा, टाकलेल्या. गावात त्यांना जमीन नव्हती, भावाच्या घरात जागा नव्हती. जमीन असलेला पुरुष चार महिने मुंबईला जाऊन पेरणीला परत येई. या बायांना परत यायला पेरणीच नव्हती.

१८९० च्या एप्रिलमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांची मोठी सभा घेतली. दहा हजारांच्या आसपास माणसं जमली. मागणी होती, आठवड्याला एक सुटी द्या. त्या सभेत दोन गिरणीकामगार बायांनी उभं राहून भाषण केलं. विचार करा, १८९० साली, दहा हजार माणसांपुढं! दोन महिन्यांत रविवारची सुटी मिळाली. आज सगळा देश रविवारी दुपारी झोपतो तो काही अंशी त्या दोघींच्या पुण्याईनं. लोखंड्यांचं नाव निदान पुस्तकात आहे. त्या दोघींचं नाव आपल्यापैकी कुणाच्या तोंडी आहे?

पुढं काय झालं तेही ऐका. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. कायदा चांगला. पण मालकानं हिशेब केला, बाई ठेवली तर रजा द्यावी लागते, रात्रपाळीला लावता येत नाही. नवी यंत्रं आली, खाती कमी झाली आणि पहिली कुऱ्हाड बाईवर पडली. १९७० नंतर शंभर कामगारांत तीन-चारच बाया उरल्या होत्या. मग त्यांनी काय करावं? त्या खानावळी चालवू लागल्या. एका खोलीत वीस-वीस गड्यांच्या भाकऱ्या थापायच्या, आणि किराणा सावकाराच्या उधारीवर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीचा मोठा संप सुरू झाला, गडी गावाकडं परतले. तेव्हा मागं मुंबईत उधारी कुणाच्या डोक्यावर राहिली असेल, ते ओळखा.

काही जणी मुंबईच्याही पलीकडं गेल्या. १८३४ पासून १९१० पर्यंत मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर नेले गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक होते, पुष्कळसे याच रत्नागिरीच्या बाजूचे. आज त्यांचे वंशज तिथं गणपती बसवतात, त्या दिवशी साऱ्या देशाला सुटी असते. आपल्या जाखडीला ते झाकरी म्हणतात आणि नाचतात. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरले, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. दरवर्षी २ नोव्हेंबरला तिथं त्यांचं स्मरण होतं.

पण आम्हाला सांगायचं आहे ते त्या नोंदवह्यांचं. मजूर उतरला की त्याचं नाव, बापाचं नाव, वय, गाव, अंगावरची खूण लिहून घ्यायचे. पुढं पुढं फोटोही काढू लागले. बाईचंही नाव लिहायचे. त्या वह्या तिथल्या महात्मा गांधी संस्थेत आजही जपून ठेवल्या आहेत. वही ठेवली ती मायेनं नव्हे, मजूर पळाला तर धरायला. तरी नाव राहिलं. आणि इथं? काल आम्ही जवळच्या एका गावात म्हाताऱ्या माणसांना विचारलं, तुमच्या वाडीतून मुंबईला कोण कोण गेलं? पुरुषांची नावं धडाधड आली, गिरणीच्या नावासकट, चाळीच्या नावासकट. बायांचं विचारलं तर म्हणाले, "होती एक, भिकाजीची भावजय. दुसरी ती पलीकडच्या घरातली. नाव नाही आठवत." मालकाच्या वहीत जिचं नाव राहतं, तिचं नाव गाव विसरतं. याची लाज आम्हाला वाटली. कोकणाला नव्हे, आम्हाला. कारण आमच्या गावात विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं नसतं.

हे सारं जुनं झालं असं म्हणू नका. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आपल्याच आया होत्या, लाल मिलोच्या भाकरी त्यांनीच थापल्या. आजही दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातून ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला जातात. तिथं नवरा-बायको मिळून हिशेबात एक 'कोयता' धरतात. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा, मोळी मात्र तिच्या डोक्यावर. बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या हजारो बायांची गर्भाशयं काढली गेल्याचं २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढं आलं. आयरिश पोरीला जहाजाच्या यादीत तरी स्वतःचं नाव होतं. आपल्या लेकीचं नाव आहे कोयता.

रत्नागिरीत २०११ च्या शिरगणतीत हजार पुरुषांमागे ११२२ बाया होत्या. याचा अर्थ गडी अजून बाहेर आहे आणि शेत बाई करते आहे. मग सातबारावर कुणाचं नाव आहे? महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क कायद्यानं दिला. आणि आपण काय करतो? बहिणीला साडीचोळी करतो आणि हक्कसोड पत्रावर तिची सही घेतो. ज्या विधवेला, ज्या टाकलेल्या पोरीला गावात चार गुंठे नव्हते, तीच गिरणीत गेली, तीच मळ्यावर गेली. आपण पुन्हा तेच करत असू, तर तिचं स्मारक करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून या बैठकीपुढं आम्ही तीन गोष्टी ठेवतो. खर्च काही नाही.

पहिली. आपापल्या गावी गेल्यावर म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. पोटासाठी गाव सोडून गेलेल्या बायांची नावं लिहून काढा. गिरणी, खडीचं काम, ऊसतोड, परमुलूख, कुठंही गेलेली असो. भावजय नको, अमक्याची आई नको, तिचं नाव लिहा.

दुसरी. पुढल्या जिल्हा बैठकीची सुरुवात ती यादी वाचून करा.

तिसरी. यादी वाचणाऱ्यानं आपला सातबाराही बरोबर आणावा. त्यावर घरातल्या बाईचं नाव चढलेलं असेल तर मान वर करून वाचावं. नसेल तर आधी तलाठ्याकडं जावं आणि मग वाचायला उभं राहावं.

सिडनीच्या लोकांनी काचेवर नावं लिहिली. आपण कागदावर लिहू. पण एक नाव मेलेल्या बाईचं आणि एक जिवंत बाईचं, अशी दोन्ही लिहू.