श्रेयांकांची पेढी : शिकलेले वाया जाऊ नये



विद्यापीठीय शिक्षण दीर्घकाळ एकाच उंबरठ्याशी बांधलेले होते. ज्या महाविद्यालयात नाव दाखल केले, तेथेच सर्व वर्षे काढावीत आणि त्याच विद्यापीठाची पदवी घ्यावी, अशी रीत होती. ज्यांना ती झेपली त्यांचे शिक्षण तडीस गेले. परंतु वडिलांची बदली झाली, मुलीचे लग्न ठरले किंवा घरातील कर्ता माणूस अंथरुणास खिळला, की शिक्षणात खंड पडे. दोन वर्षे उत्तीर्ण होऊनही नोकरीच्या अर्जात 'बारावी उत्तीर्ण' एवढेच लिहावे लागे. दुसऱ्या विद्यापीठात जावे, तर स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र आणि अभ्यासक्रमाची समकक्षता यांच्या फेऱ्यांत वर्ष निघून जाई. शिकलेले शिकलेलेच राही. त्याची मोजदाद मात्र कोठेही होत नसे.

ही मोजदाद करण्याचे साधन म्हणजे श्रेयांक होय. एका सत्रात साधारणतः १५ तासांचे वर्गातील अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक काम यांस एक श्रेयांक मिळतो. विद्यार्थी त्या विषयात उत्तीर्ण झाला, की तो श्रेयांक त्याचा झाला. सध्याच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक लागतात.

पेढीचा व्यवहार

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे विनियम प्रसिद्ध केले. ही पेढी पैशांची नव्हे, अभ्यासाची आहे. विद्यार्थ्याने येथे आपले खाते उघडावयाचे असते. तो ज्या ज्या मान्य संस्थेत शिकेल, ती संस्था त्याने मिळविलेले श्रेयांक या खात्यात जमा करते. पुरेसे श्रेयांक साठले, की ते पदविकेसाठी अथवा पदवीसाठी वापरता येतात. एकदा वापरलेला श्रेयांक पुन्हा दुसऱ्या पदवीसाठी वापरता येत नाही.

या व्यवहारास तीन मर्यादा आहेत. पहिली, जी संस्था पदवी देणार, तिच्याकडूनच किमान निम्मे श्रेयांक मिळविले पाहिजेत. दुसरी, जमा श्रेयांक सर्वसाधारणपणे अधिकाधिक सात वर्षे टिकतात. तिसरी मर्यादा पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे : विद्यार्थ्याने स्वतः नेऊन दिलेले कोणतेही प्रमाणपत्र पेढी स्वीकारत नाही, नोंद मान्य संस्थेमार्फतच होते. गल्लोगल्ली मिळणारी आकर्षक प्रमाणपत्रे विकत घेऊन श्रेयांक वाढत नाहीत.

समजा, दुष्काळी तालुक्यातील एक मुलगी दोन वर्षे शिकली आणि लग्नानंतर दुसऱ्या जिल्ह्यात गेली. तिचे ८० श्रेयांक खात्यात जमा आहेत. मुदतीच्या आत सासरच्या गावाजवळील महाविद्यालयात तिने प्रवेश घेतला, तर पहिल्या वर्षापासून प्रारंभ करण्याची पाळी तिच्यावर येऊ नये, असा या योजनेचा हेतू आहे. मात्र निम्म्या श्रेयांकांची अट येथेही लागू असल्याने पदवी कोणत्या विद्यापीठाची घ्यावयाची आणि आणखी किती श्रेयांक मिळवावयाचे, याचा हिशेब प्रवेशापूर्वीच मांडला पाहिजे.

घरबसल्या अभ्यास

महाविद्यालय बदलणे हा एक मार्ग झाला. न बदलता अन्य संस्थेकडून शिकणे हा दुसरा. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर देशातील नामवंत संस्थांचे अभ्यासक्रम २०१७ पासून उपलब्ध आहेत. शिकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्रासाठी परीक्षा व तिचे शुल्क असते. पूर्वी एका सत्रातील २० टक्के अभ्यासक्रम असे पूर्ण करता येत. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत नेली. ज्या ग्रामीण महाविद्यालयात संख्याशास्त्राचा अथवा भाषाविज्ञानाचा प्राध्यापक नाही, तेथील विद्यार्थ्यासही तो विषय त्यामुळे खुला होतो.

युरोपात १९८७ पासून विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची 'इरॅस्मस' योजना सुरू आहे. तेथे पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० श्रेयांकांचा धरतात आणि विद्यार्थी निघण्यापूर्वीच कोणते विषय मान्य होतील याचा लेखी करार होतो. आधी मान्यता, मग अभ्यास, हा क्रम येथेही अनुकरणीय आहे. अभ्यास पूर्ण झाल्यावर 'हा विषय आमच्याकडे चालत नाही' असे उत्तर ऐकणे, यासारखी निराशा दुसरी नाही.

कोणी काय करावे

महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांतही २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. नियम झाले, आता प्रश्न अंमलबजावणीचा आहे. आधारपत्रावरील नाव आणि महाविद्यालयाच्या नोंदीतील नाव यांत एका अक्षराचा फरक असला, तरी नोंद अडकते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना ही अडचण विशेष जाणवते. श्रेयांक वेळेवर जमा न झाल्यास विद्यार्थ्याचा पुढील प्रवेश खोळंबतो. लिपिकाच्या टेबलावरील हे काम क्षुल्लक नव्हे. कोणाच्या तरी वर्षाचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

बारावीच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांची नावे व जन्मतारखा सर्व कागदपत्रांत एकसारख्या करून घ्याव्यात. महाविद्यालयांनी 'स्वयम्'चे मान्य विषय सत्रारंभीच फलकावर लावावेत. प्राचार्यांनी अन्य संस्थेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास आधी लेखी संमती द्यावी. पंचायत सदस्यांनी ग्रामपंचायतीच्या अथवा वाचनालयाच्या खोलीत संगणक, अखंड वीज आणि संध्याकाळी दोन तास उघडे दार एवढी सोय करावी. गावात अर्धवट शिक्षण सोडलेले किती तरुण-तरुणी आहेत, याची यादी करून ती जवळच्या महाविद्यालयाकडे पाठविली, तर तो मोठाच प्रारंभ ठरेल. जुन्या पद्धतीने शिकलेल्या प्रत्येकाचे श्रेयांक पेढीत असतीलच असे नाही; अशांना नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्गही दाखविता येईल.

शेतकरी पिकलेले धान्य कणगीत जपतो, कारण त्यामागचे श्रम त्याला ठाऊक असतात. रात्र जागून केलेल्या अभ्यासाचीही तशीच राखण झाली पाहिजे. पेढी उभी राहिली आहे; तिच्यात गावातील मुलामुलींची खाती उघडली जावीत आणि त्यांत पडलेला प्रत्येक श्रेयांक पदवीपर्यंत पोहोचावा, हे शिक्षक, अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांचे संयुक्त कर्तव्य आहे.