पडद्यामागची तारामती

(मूकपटांच्या कालखंडाविषयीच्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सत्यासाठी राज्यावर पाणी सोडणाऱ्या हरिश्चंद्राची कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. राजाचे नाव सर्वांच्या ओठांवर असते. त्याच्या पाठोपाठ निमूटपणे चालत गेलेल्या तारामतीचे स्मरण मात्र उशिराने होते. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट झळकला आणि धुंडिराज गोविंद फाळके हे नाव इतिहासात अमर झाले. या उद्योगामागेही एक तारामती उभी होती. त्या म्हणजे फाळके यांच्या सहधर्मचारिणी सरस्वतीबाई.

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या फाळके यांनी जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. पुरातत्त्व खात्यातील नोकरी आणि मुद्रणाचा व्यवसाय असे दोन्ही मार्ग त्यांनी सोडले होते. १९११ साली गिरगावात ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहताना पडद्यावर त्यांना राम-कृष्ण दिसू लागले. तोच चित्रपट दाखविण्यासाठी ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. हाती उत्पन्न नाही, घरात लहान मुले, अतिश्रमाने काही काळ दृष्टीही गेलेली, अशा स्थितीत चाळिशी ओलांडलेला गृहस्थ अपरिचित धंद्यात उडी घेत होता. आप्तेष्टांना हे वेड वाटले, यात नवल नाही. सरस्वतीबाई मात्र ठामपणे पाठीशी राहिल्या.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथे त्यांनी चित्रपटनिर्मितीची कृती प्रत्यक्ष पाहिली आणि विल्यमसन कॅमेऱ्यासह आवश्यक सामग्रीची खरेदी निश्चित केली. परतल्यावर कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून त्यांनी एक लघुपट तयार केला. तो पाहून भांडवल देणारा गृहस्थ पुढे आला खरा, परंतु तारण म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने द्यावे लागले.

दादरच्या राहत्या घराचाच मग कारखाना झाला. त्या काळी कोरी फिल्म भोके न पाडलेली येत असे. कॅमेऱ्यातील दाते ज्यांत अडकतात, ती भोके घरीच अंधारात पाडावी लागत. एका फुटात सोळा चित्रे आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोके, असा तो हिशेब. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. म्हणजे एका प्रतीपुरतीच जवळजवळ पावणेपाच लाख भोके झाली. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि मुलांचे संगोपन करून सरस्वतीबाई रात्री या कामाला बसत. रसायने मिसळणे, फिल्म धुणे हेही त्या शिकल्या. चित्रीकरण सूर्यप्रकाशात चाले. तो प्रकाश नटांच्या चेहऱ्यांवर परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या तासन्‌तास उन्हात उभ्या राहत.

पडद्यावरील तारामतीसाठी एकही स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि रोहिदासाच्या भूमिकेसाठी फाळके यांचाच मुलगा भालचंद्र उभा राहिला. याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या पडद्यावर आल्या, आणि चित्रपटाचे दार स्त्रियांसाठी उघडले. ‘लंकादहन’मध्ये १९१७ साली राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या; ‘कालिया मर्दन’मध्ये १९१९ साली फाळके यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

१९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेव्हा तेथे काम करण्याचे प्रस्ताव त्यांच्यासमोर आले. ते नाकारून ते नाशिकला परतले. भांडवल, मालकी, कामगार आणि कथा हे सारे येथलेच असल्याने आपले चित्रपट स्वदेशी आहेत, असे त्यांनी ‘नवयुग’ मासिकातील लेखांत मांडले. ही स्वदेशी फुकट आली नव्हती. तिची किंमत एका घराने, दागिन्यांनी आणि झोपेने, चुकती केली होती. बोलपटांचे युग आल्यावर त्या घराला उतरती कळा लागली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके नाशिक येथे निवर्तले, तेव्हा चित्रपटसृष्टीला त्यांचे फारसे स्मरण उरले नव्हते. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला, तो पाव शतकानंतर, १९६९ साली.

या साऱ्या श्रमाचे आज उरले काय? भारतात निघालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी जेमतेम तीसएक, तेही बरेचसे तुटक स्वरूपात, शिल्लक आहेत. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई आणि जपली नाही तर आपोआप कुजे. कित्येक रिळे तर त्यांतील चांदी काढण्यासाठी विकली गेली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, फाळके कुटुंबीयांकडे जाऊन जे हाती लागले ते वाचविले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचेच आज पाहावयास मिळते. ती रिळे १९१३ ची, की १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत.

ज्या समाजाने हरिश्चंद्राची कथा हजारो वर्षे मुखोद्गत ठेवली, त्याला त्याच कथेच्या चार रिळा शंभर वर्षे सांभाळता आल्या नाहीत! येथे दोष केवळ शासनावर टाकून भागणार नाही. घरातील जुन्या ट्रंकेत आजोबांनी जपलेली एखादी चित्रपट-पुस्तिका, जाहिरातीचे चिटोरे, कंपनीतील छायाचित्र असेल, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा संग्रहालयाला दाखवावे. फाळके यांची गोष्ट मुलांना सांगताना सरस्वतीबाईंचे नावही सांगावे. तारामतीवाचून हरिश्चंद्राची कथा पुरी होत नाही.