संकटात शरण कोणाला?
कविवर बनारसीदासांच्या जीवनातून मिळणारा बोध

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



संकट आले की माणसाचे हात आपोआप जोडले जातात. घरात दीर्घ आजार असो, व्यापारात खोट बसो, की हाताशी आलेला मुलगा काळाने हिरावून नेवो. मुखातून एकच उद्गार निघतो, ‘देवा, आता तूच मार्ग दाखव.’ हा उद्गार स्वाभाविक आहे. परंतु जैन श्रावकापुढे त्याच क्षणी एक प्रश्न उभा राहतो. आपले जिनेंद्र वीतराग आहेत. ते स्तुतीने प्रसन्न होत नाहीत, निंदेने रुष्ट होत नाहीत. ते कोणाला काही देत नाहीत, कोणाचे काही हरण करीत नाहीत. मग त्यांच्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

या प्रश्नाचे उत्तर केवळ ग्रंथात शोधण्यापेक्षा एका श्रावकाच्या प्रत्यक्ष जीवनात शोधणे अधिक उपयुक्त ठरेल. हा श्रावक मुनी नव्हता, राजा नव्हता. तो आपल्यासारखाच एक व्यापारी होता, आणि व्यापारात पुष्कळदा अपयशी ठरलेला व्यापारी होता. त्याचे नाव कविवर बनारसीदास.

इ. स. १५८६ मध्ये जौनपूर येथील श्रीमाळ घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील खरगसेन हे जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत. भगवान पार्श्वनाथांच्या जन्मनगरीवरून मुलाचे नाव बनारसीदास ठेवण्यात आले. १५९८ मध्ये जौनपूरच्या नवाबाने गावातील सर्व जवाहिऱ्यांना पकडून फटके मारले. तेव्हा खरगसेन यांना कुटुंबासह गाव सोडावे लागले. संपत्ती किती क्षणभंगुर असते याचा पहिला धडा बनारसीदासांना असा बालपणीच मिळाला.

तारुण्यात मात्र त्यांना झटपट धनाचा मोह पडला. एका संन्याशाने त्यांना मंत्र दिला. वर्षभर गुप्तपणे जप केल्यास रोज दारात एक सुवर्णमुद्रा सापडेल, असे आश्वासन दिले. बनारसीदासांनी वर्षभर निष्ठेने जप केला. वर्ष संपल्यावर मोठ्या आशेने दार उघडले. दारात काहीही नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले. तरीही काही नाही. पुढे एका जोग्याने त्यांना एक शंख दिला व त्याची सदाशिव म्हणून पूजा करण्यास सांगितले. ही पूजा केल्याशिवाय ते अन्न घेत नसत. जप करतानाही आणि पूजा करतानाही त्यांची श्रद्धा खरीच होती. परंतु त्या श्रद्धेच्या मुळाशी धनाची अपेक्षा होती.

ऑक्टोबर १६०५ मध्ये बादशहा अकबराचे निधन झाले. ही वार्ता कानी पडली तेव्हा बनारसीदास जिन्यावर बसले होते. धक्क्याने ते खाली कोसळले, कपाळ फुटले, रक्त वाहू लागले. इकडे जौनपुरात हलकल्लोळ माजला. दुकाने बंद झाली, लोकांनी दागिने जमिनीत पुरले आणि धनिकांनीही जाडीभरडी वस्त्रे परिधान केली. जहांगीर गादीवर आल्याची वार्ता येईपर्यंत ही भीती ओसरली नाही.

जखम बरी झाल्यावर बनारसीदास एकांतात विचार करू लागले. ‘ज्याची रोज पूजा केली, त्याने पडताना हात का दिला नाही?’ या विचाराने त्यांनी शंखाची पूजा सोडली. येथे कोणत्याही देवतेला उणे लेखण्याचा हेतू नाही. देवपूजेला सौद्याचे रूप दिले की फळ न मिळताच श्रद्धाही ढासळते, हा त्यातील मुद्दा आहे. जिनमंदिरात जाऊन मागणी करणाऱ्या श्रावकालाही हाच नियम लागू पडतो. त्यानंतर बनारसीदासांनी शृंगारावर रचलेले स्वतःचे काव्य असत्य म्हणून गोमतीच्या पात्रात विसर्जित केले. मंदिरदर्शन, सामायिक आणि व्रतनियम यांना त्यांनी प्रारंभ केला.

धर्माचरण सुरू केले म्हणून संकटे थांबली का? मुळीच नाही. वडिलांनी त्यांना जवाहीर, तूप, तेल व कापड देऊन आग्र्यास पाठविले. काही रत्ने हरवली, काही माल तोट्यात गेला, आणि अखेर हातात काही उरले नाही. रात्री ते लोकांना ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ या कथा गाऊन ऐकवीत. एका कचोरीवाल्याकडून ते उधारीवर कचोऱ्या घेऊन खात. आपल्याजवळ पैसे नाहीत, हे त्यांनी त्याला स्पष्टपणे सांगितले. तरीही त्या सज्जनाने कित्येक महिने उधारी चालू ठेवली. पुढे सासुरवाडीस गेले असता पत्नीने आपल्या जवळचे वीस रुपये त्यांच्या हाती दिले आणि धीर दिला. तिच्या आईनेही गुपचूप दोनशे रुपये दिले. दारात सुवर्णमुद्रा पडली नाही; परंतु सत्य सांगितल्याने विश्वास टाकणारी माणसे भेटली. साधर्मिक वात्सल्याचे मोल यावरून ध्यानी यावे.

सर्वांत मोठे दुःख पुढे होते. त्यांचे तीन विवाह झाले. त्यांना दोन मुली व सात मुलगे अशी नऊ अपत्ये झाली; त्यांपैकी एकही जगले नाही. बारा भावनांतील अशरण भावना आपण पाठ म्हणतो. त्यांना ती नऊ वेळा अनुभवावी लागली.

शास्त्राभ्यासातही त्यांची एकदा वाट चुकली. आचार्य कुंदकुंदांचा ‘समयसार’ वाचून, आत्मा शुद्धच आहे तर पूजा व व्रते कशासाठी, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी क्रिया सोडल्या. मित्रांसह ते खोलीत विवस्त्र होऊन मुनीचे सोंग करीत, आणि समाजात त्यांचे हसे झाले. १६३५ च्या सुमारास पंडित रूपचंद आग्र्यास आले. त्यांनी ‘गोम्मटसार’ समजावून सांगितला. जीव ज्या गुणस्थानावर असेल त्यास अनुरूप त्याची क्रिया असते, निश्चय व व्यवहार दोन्ही आपापल्या ठिकाणी आवश्यक आहेत, हे त्यांना उमगले. त्यानंतरच त्यांच्या हातून ‘समयसार नाटक’ हा ग्रंथ पूर्ण झाला. १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यात आपले गुण सांगितले, तसेच दोषही निःसंकोचपणे नोंदविले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वीतरागावर भरवसा म्हणजे त्यांनी दाखविलेल्या मार्गावर भरवसा. चार शरणांत अरिहंत, सिद्ध व साधू यांच्याबरोबर केवलीप्रणीत धर्मही आहे, तो याचसाठी. वाटाड्या प्रवाशाला खांद्यावर उचलून नेत नाही. तो वाट दाखवितो, चालायचे प्रवाशाने असते. भक्तीने परिणाम निर्मळ होतात, कषाय मंद होतात, आणि मंद झालेल्या कषायांत योग्य निर्णय सुचतो. मार्गदर्शन मिळण्याची हीच रीत आहे. ते शास्त्रातून येते, गुरूंच्या मुखातून येते, कधी रूपचंदांसारख्या विद्वानाकडून, तर कधी कचोरीवाल्यासारख्या साध्या माणसाकडूनही येते.

म्हणून संकटकाळी गंडेदोरे व चमत्कार यांच्यामागे धावून घरातील उरलेसुरले धन घालवू नये. देणे असल्यास सावकाराला खरी स्थिती सांगावी. खोटी वही लिहून अब्रू राखण्याचा प्रयत्न करू नये. दुःख असह्य झाल्यास एकटे राहू नये; मंदिरात यावे, स्वाध्यायात बसावे, जाणत्यांशी बोलावे. आणि समाजानेही, विशेषतः आपल्या संस्थेसारख्या विश्वस्त संस्थांनी, अशा बांधवाला त्याची अब्रू झाकून साहाय्य करावे. पन्नास वर्षांच्या वाटचालीनंतर पुढील काळासाठी याहून मोठा संकल्प कोणता असणार?

णमोकार मंत्रात काही मागितलेले नाही; त्यात केवळ वंदन आहे. संकटात तो मंत्र म्हणताना एवढे स्मरण राहिले तरी पुरे आहे.

जय जिनेंद्र!